पिण्याच्या पाण्यातलं प्लॅस्टिक आणि रसायनं: घरी काय तपासावं, कुठून सुरुवात करावी

गेल्या महिन्यात गच्चीवरची टाकी धुवायला चढलो. दहा वर्षं उन्हात तापलेलं झाकण उचललं, तर कडेचा तुकडा बिस्किटासारखा तुटून हातात आला. तळहाताला काळी भुकटी लागली. घरातली सगळी माणसं ज्या पाण्यावर जगतात, त्यात ही भुकटी रोज पडत होती. 5 मिलिमीटरपेक्षा लहान प्लॅस्टिकच्या कणाला मायक्रोप्लॅस्टिक म्हणतात, आणि त्यातले बरेचसे डोळ्यांना दिसतही नाहीत. म्हणून फिल्टरच्या दुकानात जाण्याआधी गच्चीवर जा. झाकण पिचलं असेल तर बदला, टाकीवर सावली करा, तळाचा गाळ दर तीन-चार महिन्यांनी काढा.

मग आपलं पाणी कुठलं ते नक्की करा. कोल्हापूर शहरात नळाला पूर्वी शिंगणापूर, बालिंगा उपसा केंद्रांचं नदीचं पाणी यायचं. 2023 पासून काळम्मावाडी धरणाचं पाणीही थेट पाइपलाइनने येऊ लागलं. हे शुद्धीकरण होऊन येतं. उपनगरांत, गावांत मात्र बोअर चालते, आणि बोअरचं पाणी बहुतेक वेळा कुणी तपासलेलं नसतं. आपल्याकडे उसाला युरिया भरपूर पडतो. पिकाने न घेतलेला नत्र पाण्याबरोबर खाली झिरपतो आणि बोअरमध्ये नायट्रेट होऊन येतो. त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त नायट्रेटच्या पाण्यात तान्ह्या बाळाची दुधाची पावडर कालवली, तर बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते, अंग निळसर पडतं. पाणी उकळून हे जात नाही. उलट वाफ उडते आणि उरलेल्या पाण्यात नायट्रेटचं प्रमाण वाढतं. घरात बाळ असेल आणि पाणी बोअरचं असेल, तर तपासणी उद्यावर टाकू नका.

तपासणीसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत चौकशी करा. गावात असाल तर ग्रामपंचायतीत फील्ड टेस्ट किट मागा. जलजीवन मिशनमध्ये गावागावांतल्या महिलांना ते वापरायला शिकवलं आहे. नायट्रेट, फ्लोराइड, कठीणपणा (कॅल्शियम, मॅग्नेशियमच्या क्षारांचं प्रमाण) आणि जंतू, एवढं तरी बघून घ्या. मोटर पाचेक मिनिटं चालू द्या, बाटली त्याच पाण्याने विसळा, मग भरा. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या आणि ती अजिबात विसळू नका.

आमच्या दारात एक विक्रेता आला होता. त्याने दोन ग्लास मांडले, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या आरओ मशीनचं, म्हणजे दाबाने बारीक पडद्यातून गाळून क्षार काढलेलं. दोन्हींत लोखंडी कांड्यांचं यंत्र बुडवलं आणि वीज सोडली. नळाचं पाणी बघता बघता तपकिरी झालं, वर फेस आला. आई घाबरलीच. खरं तर तो रंग कांडीच्या लोखंडाचा गंज होता. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड झिजतं. आरओच्या पाण्यात क्षार फारच कमी असल्यामुळे जवळजवळ काही होत नाही. अशा खेळाला भुलून पैसे घालवू नका. टीडीएस मीटरही फक्त विरघळलेले क्षार मोजतो. प्लॅस्टिकचे कण किंवा जंतू त्याला कळत नाहीत.

नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत असेल तर माझ्या मते आरओ नकोच. त्यात बरंच पाणी वाया जातं. यूएफ जाळी, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांची गाळणी, बहुतेक जंतू आणि मायक्रोप्लॅस्टिकचे बहुतेक कण अडवते. यूव्ही दिवा जंतू मारतो, पण कण तसेच राहतात. नायट्रेट मर्यादेबाहेर असेल तर मात्र आरओ लागतोच. कुठलंही मशीन घ्या, कार्ट्रिज वेळेवर बदला.

पाणी उकळत असाल तर आणखी एक फायदा आहे. 2024 मध्ये चीनमधल्या संशोधकांना दिसलं की कठीण पाणी पाच मिनिटं उकळलं तर भांड्याला धरणाऱ्या पांढऱ्या थरात प्लॅस्टिकचे कण अडकतात, 90 टक्क्यांपर्यंत. मऊ पाण्यात हेच प्रमाण 25 टक्क्यांच्या आसपास राहतं. निवू द्या, तळ न ढवळता वरचं पाणी दाट सुती फडक्यातून गाळा.

हे कण शरीरात काय करतात? जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये म्हटलं की धोका ठरवायला पुरावा अपुरा आहे. 2024 मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी मानेच्या रक्तवाहिन्यांतला चरबीचा साठा तपासला. त्यात प्लॅस्टिक सापडलेल्यांना पुढे हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका साडेचार पट दिसला. प्लॅस्टिकमुळेच हे घडलं असं त्यातून सिद्ध होत नाही, पण काळजी घ्यायला माझ्यासाठी तेवढं पुरे आहे. जंतूंचा धोका मात्र आजचा आहे. 2019 आणि 2021 सारखा महापूर आला की आधी पाणी उकळा, मेडिक्लोर (जंतू मारणारं क्लोरीनचं द्रावण) टाका. गॅस्ट्रो, कावीळ वाट बघत नाहीत.

शेवटी भांडी. गरम चहा प्लॅस्टिकच्या पिशवीत आणू नका, घरून स्टीलची किटली न्या. कागदी कपालाही आतून प्लॅस्टिकचा थर असतो. आयआयटी खरगपूरच्या 2020 च्या अभ्यासात 100 मिलिलिटर गरम पाण्यात 15 मिनिटांत सुमारे 25 हजार कण सुटले. पिण्याचं पाणी स्टीलच्या पिंपात किंवा माठात भरा. तांब्याची कळशी रोज आतून घासा आणि तिच्यात ताक, सरबत ठेवू नका. 20 लिटरचा जार घेत असाल तर तो टेम्पोत किती वेळ उन्हात होता ते विचारा, आणि चरे पडलेला, पांढुरका झालेला जार दारातूनच परत पाठवा.