जुनी दुनळी विकायचीय? मग आधी तिला घासू नका

घरातली जुनी बारा बोअरची दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, विकायची ठरली की माणूस पहिलं काय करतो, तर पॉलिश पेपर घेऊन बसतो. प्लीज नका करू असं. कलेक्टर, म्हणजे जुन्या बंदुका जमवणारा शौकीन, पैसे मोजतो ते मूळ फिनिशचे, आणि नव्याने ब्लूइंग (गंज रोखणारा निळसर-काळा थर) केलेली नळी तो लांबूनच ओळखतो. स्क्रूंना पण हात लावू नका, त्यांच्या खाचा कुरतडलेल्या दिसल्या की आत कोणीतरी उचकपाचक केलीय हे त्याला लगेच कळतं.

बंदूक उघडून दोन्ही चेंबर, म्हणजे काडतूस बसतं त्या जागा, रिकामे आहेत ना ते आधी बघा, मग नळ्या सुट्या करून उलट्या धरा. चेंबरच्या खालच्या सपाट भागावर बारीक शिक्के असतात ते प्रूफ मार्क, म्हणजे नळी चाचणीत पास झाल्याची खूण, बंदुकीची जन्मपत्रिकाच म्हणा ना. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस, म्हणजे ही चाचणी करणारी संस्था, 1813 पासून आहे, बेल्जियमच्या लिएजचे शिक्के वेगळे, आणि यावरून साधारण काळ, बोअर, चेंबरची लांबी कळते. शिक्क्यांचे आणि सिरीयल नंबरचे क्लोजअप फोटो काढा. जुन्या ब्रिटिश बंदुकांचे चेंबर बरेचदा अडीच इंची असतात, आजचं पावणेतीन इंची काडतूस त्यात घालायचं नाही, आणि नळीवर नागमोडी नक्षी दिसली म्हणजे ती दमास्कस, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेली जुनी नळी, असू शकते, तेव्हा चांगल्या गनस्मिथने (बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराने) तपासल्याशिवाय बार काढायचाच नाही.

एक टेस्ट मला फार आवडते. नळ्या खालच्या हुकाला धरून लटकवायच्या आणि बोटाच्या पेराने हळूच टकटक करायचं. घंटेसारखा आवाज घुमला तर छान, भद्द आवाज आला तर दोन नळ्या जोडणाऱ्या मधल्या पट्टीचं सोल्डर सुटलेलं असू शकतं. नळीची जाडी मात्र गनस्मिथकडून गेजने मोजून लिहून घ्या, कलेक्टर सगळ्यात आधी तेच विचारतात.

किंमत विचारायला अशा दोन-तीन कलेक्टरांकडे जा ज्यांना स्वतःला ती घ्यायची नाहीये, कारण घेणारा माणूस कितीही सज्जन असला तरी आकडा खालचाच सांगणार. लिलावात प्रत्यक्ष किती आले ते बघा, लोक मागतात किती त्यावर जाऊ नका. मूळ पेटी, तेलाची बाटली, जुनी पावती काही असेल तर बंदुकीसोबतच द्या, सुटं विकून नुकसान होतं.

विकताना दस्त्याची चीर, नळीतले गंजाचे खड्डे, सगळं फोटोसकट आधीच सांगून टाका, या लोकांचं वर्तुळ लहान असतं आणि लपवलेली गोष्ट सगळीकडे फिरते. लायसन्स आणि ट्रान्सफरचे नियम पैसे घेण्याआधीच विचारून ठेवा, ताबा लायसन्सवाल्या डीलरमार्फत दिलेला बरा. आणि बार न काढता तीन दिवसांत परत करायची मुभा द्या, पण हे लेखी ठेवा, परतीचा खर्च कोणाचा तेसुद्धा.