'बाय' की 'अन्टिल'? 'पर्यंत'च्या या चुका टाळा

"आय विल सेंड द फाइल अन्टिल फ्रायडे." संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात हे वाक्य मी दर बॅचला खोडतो. मराठीत 'शुक्रवारपर्यंत पाठवते' आणि 'शुक्रवारपर्यंत रजेवर आहे', दोन्हीकडे 'पर्यंत' चालतं. इंग्रजीत पहिल्याला 'बाय', दुसऱ्याला 'अन्टिल'. काम त्या मुदतीत एकदा उरकायचं असेल तर 'बाय'. तोवर काही सलग चालू राहणार असेल तर 'अन्टिल'.

उलटी चूक जास्त महागात पडते. माझी एक विद्यार्थिनी नाशिकजवळच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये कामाला होती. माल बघायला आलेल्या डच खरेदीदाराला तिने लिहिलं, "आय विल बी ॲट द पॅकहाऊस बाय फोर." तिला म्हणायचं होतं, चारपर्यंत मी इथे आहे. त्याने वाचलं, ही चारपर्यंत पोचेल. तो सव्वाचारला आला, तेव्हा ती एसटीत बसली होती आणि कोल्ड रूमची किल्ली तिच्या पर्समध्ये. माल बघणं दुसऱ्या दिवसावर गेलं. "सर, पण व्याकरण तर बरोबर होतं ना?" तिने रडवेल्या आवाजात विचारलं. बरोबरच होतं, म्हणून तर पाठवण्याआधी कुणाला खटकलं नाही.

तेव्हापासून मी 'पर्यंत' दिसलं की त्याजागी 'उशिरात उशिरा' घालून बघतो. 'उशिरात उशिरा शुक्रवारी पाठवते' जमतं, म्हणजे 'बाय'. 'उशिरात उशिरा शुक्रवारी रजेवर आहे' जमत नाही, म्हणजे 'अन्टिल'. पहिल्याच दिवशी "फॉर्म्युला सांगा" म्हणणाऱ्यांनाही मी हेच करायला लावतो, तेही वहीत, वीस वाक्यांवर. 'भविष्यकाळ असला की बाय' असले व्हॉट्सॲपवरचे तक्ते कृपा करून पाठ करू नका; रजेचं वाक्यही भविष्यकाळी असू शकतं.

'तो येत नाही तोपर्यंत थांब' यातला 'नाही' इंग्रजीत नेऊ नका. "वेट अन्टिल ही कम्स", बस. "अन्टिल ही डझन्ट कम" चूक. नकार मुख्य क्रियापदाला मात्र खुशाल लावा: "आय वोन्ट फिनिश अन्टिल फ्रायडे", म्हणजे शुक्रवारशिवाय काम संपत नाही.

पुण्यापर्यंत जायचं असेल तर 'अन्टिल पुणे' नाही, 'ॲज फार ॲज पुणे'.

'टिल' हा 'अन्टिल'चा शॉर्टफॉर्म नव्हे, तो त्याहून जुना शब्द आहे. 'टिल'च्या शेवटी दोन एल, 'अन्टिल'च्या शेवटी एकच.