पाराशा वाचताना मनाचा धडा असा टिपा

तोराचा (ज्यू धर्मग्रंथाचा) पाराशा, म्हणजे त्या आठवड्याचा ठरलेला उतारा, रोज वाचला जातो, पण पुस्तक मिटलं की हाती काही उरत नाही. त्यावर हा सोपा उपाय.

१. आठवड्याच्या पाराशाचे सात भाग असतात. रविवारी पहिला, असं करत शब्बाथला (शनिवारी, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून सुरू होणाऱ्या विश्रांतीच्या दिवशी) सातवा. रोज एकच भाग घ्या.

२. जिथे हिब्रू ‘लेव’ किंवा ‘लेवाव’ (मन, हृदय) येईल तिथे पेन्सिलीने बारीक टिंब द्या. शब्दाला मागेपुढे अक्षरं चिकटलेली असतात, त्यामुळे डोळा बसायला थोडे दिवस लागतात. शब्बाथला लिहायचं नसतं, म्हणून सातव्या भागातली टिंबं शुक्रवारीच सूर्यास्ताआधी उरकून घ्या.

३. दोनच प्रश्न विचारा: मन कोणाचं? आणि त्यानंतर त्याने केलं काय? उत्तर वहीत एका ओळीत.

उदाहरणार्थ, शमोथ (निर्गम) ८:११. बेडकांनी घरदार भरलं तेव्हा मिसरचा राजा फारो मोशेला म्हणतो, देवाकडे विनंती कर, मी तुझ्या इस्राएली लोकांना जाऊ देतो. बेडूक मेले, जरा उसंत मिळाली, आणि त्याने मन कठीण केलं. गरज सरो, वैद्य मरो! माझ्या मते हे वचन ज्यात येतं त्या अख्ख्या वाएरा पाराशात याहून बोचरी ओळ नाही. वहीत लिहा: ‘अडचणीत दिलेला कोणता शब्द मी सुटका होताच विसरलो?’

एखाद्या दिवशी शब्द सापडलाच नाही तर नुसतं वाचा, ओढूनताणून अर्थ काढू नका.

सोबत मराठी बायबल ठेवत असाल तर सांभाळा: वचनांचे आकडे काही ठिकाणी जुळत नाहीत. वरचंच वचन तिथे निर्गम ८:१५ मध्ये मिळेल.