फर्नेसचा पंखा थांबत नाही? या चुका टाळा

फर्नेस म्हणजे थंडीत घर गरम करणारं यंत्र. त्यातला बर्नर (आतली शेगडी) विझल्यावरही पंखा दीड-दोन मिनिटं फिरतो. आत उरलेली ऊब घरात ढकलायची असते. तेवढ्यासाठी टेक्निशियनला बोलावू नका. अमेरिका-कॅनडात नवीन आलेल्यांची ही हमखास चूक. पंखा तासन्‌तास थांबतच नसेल, तर मात्र बघायला हवं.

आधी थर्मोस्टॅट, म्हणजे घराचं तापमान ठरवणारं भिंतीवरचं उपकरण. फॅन ‘ऑटो’ऐवजी ‘ऑन’वर असेल तर तो फिरणारच, घरात पोरं असली की कुणाचाही हात लागतो. स्मार्ट थर्मोस्टॅटमध्ये दर तासाला ठरावीक मिनिटं पंखा चालवण्याचं सेटिंगही असतं, तेही तपासा.

पंखा चालू, पण हवा गार येतेय? मग संशय फिल्टरवर. बिल वाचवायचं म्हणून रिकाम्या खोल्यांची व्हेंट (गरम हवा येण्याच्या जाळ्या) बंद करायची आपल्याकडे भारी हौस! त्यात फिल्टर धुळीने बुजलेला. हवा पुरेशी वाहिली नाही की फर्नेस आतून प्रमाणाबाहेर तापतो, लिमिट स्विच (जास्त तापल्यावर चालणारा सुरक्षा स्विच) बर्नर बंद करतो आणि फर्नेस थंड करायला पंखा चालूच ठेवतो. म्हणजे पंखा बिघडलेला नसतो, उलट फर्नेसला वाचवत असतो. फिल्टर दिव्यासमोर धरा. उजेड आरपार दिसत नसेल तर बदला. एक इंच जाडीचा असेल तर दर एक ते तीन महिन्यांनी बदलावाच लागतो. व्हेंट उघडा.

तरीही थांबत नसेल, तर वीज तोडण्याआधी फर्नेसच्या पॅनेलवरच्या छोट्या काचेतून आतला लुकलुकणारा दिवा बघा. किती वेळा लुकलुकतो ते लिहून घ्या, तोच बिघाडाचा कोड. वीज गेली की काही फर्नेसच्या कंट्रोल बोर्डांवरचा हा कोड पुसला जातो. अर्थ सांगणारा तक्ता बहुधा फर्नेसच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. कोड नसेल तर फर्नेसचा स्विच बंद करून थर्मोस्टॅट भिंतीवरच्या प्लेटवरून काढा आणि वीज पुन्हा चालू करा. पंखा गप्प राहिला तर दोष थर्मोस्टॅटचा. फिरलाच तर वायरिंग किंवा बोर्डावरचा चिकटलेला रिले (पंखा चालू-बंद करणारा छोटा स्विच). ते टेक्निशियनचं काम.

जुन्या फर्नेसवर गोल डायलचा फॅन-लिमिट स्विच असतो. त्यातलं पांढरं बटण आत दाबलेलं असेल तर पंखा सतत चालतो. ते बाहेर ओढा. डायल मात्र हाताने फिरवू नका, स्विच बिघडतो.

आणि फर्नेसच्या दाराच्या सेफ्टी स्विचला (दार उघडलं की वीज तोडणारा) टेप लावणं किंवा लिमिट स्विचला वायरने बगल देणं, हे चुकूनही नको. गॅसचा वास आला किंवा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला तर काहीही न तपासता सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि फोन बाहेरूनच करा.