बोका घ्यायचा की मांजरी? आधी हे बघा

आमच्या जळगावकडे कोणाच्या घरी मांजर व्याली की पहिला प्रश्न हाच, बोका आहे का मांजरी, कारण सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय की बोका लाडका पण घरात टिकत नाही आणि मांजरी घर धरून राहते पण भाव खाते. माझी आजी तर सरळ म्हणायची, "बोक्या से तो, घरमा कसाले ऱ्हाई", म्हणजे बोका आहे तो, घरात कशाला राहील. मी नऊ वर्षं दोन्ही पाळतेय आणि मला वाटतं नर की मादी ह्यापेक्षा नसबंदी झालीय की नाही ह्यानेच जास्त फरक पडतो.

नसबंदी न केलेला बोका मोठा झाला की रात्र रात्र धाब्यांवरून, म्हणजे घरांच्या सपाट छपरांवरून, फिरणार, भांडून कान फाडून येणार आणि दारावर, कपाटावर शेपूट थरथरवत मुताची पिचकारी मारणार, तो वास फिनाईलनेही जात नाही. मांजरीचं वेगळंच. ती माजावर आली की एकदम गळ्यात पडते, जमिनीवर लोळते, पायाला घासते, पाठीवर हात ठेवला की मागचा भाग वर करते आणि लोक म्हणतात बघा किती प्रेमळ झाली, पण ते प्रेम नाही हो, ती जोडीदार शोधतेय, आणि गाभण राहिली नाही तर दोन-तीन आठवड्यात परत तेच. म्हणून पाचव्या महिन्याच्या आसपास डॉक्टरला दाखवून ऑपरेशन करूनच घ्या, दोघांचंही.

त्यानंतर जो दिसतो तो खरा स्वभाव. माझा बोका थंडीत गोधडीत शिरतो, पुढच्या पायांनी कणीक मळल्यासारखं पोट मळतो आणि डोकं हनुवटीला धडकवतो. मांजरी मांडीवर येतच नाही, खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसते आणि माझ्याकडे बघून हळूच डोळे मिटते उघडते. ते तिचं प्रेम, तुम्हीही तसंच डोळे मिटून उत्तर द्या, उचलायला जाऊ नका. पण शेजारच्या मावशींकडे बरोबर उलटं आहे, बोका लाजाळू आणि मांजरी चिकट, त्यामुळे नियम बनवू नका.

पिल्लू निवडताना नर-मादीऐवजी हे बघा: दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात त्याला माणसांचा हात लागलाय का. केळीच्या बागेत किंवा कपाशीच्या गंजीत वाढलेलं पिल्लू उशिरा आणलं तर माणसाळायला महिने लागतात. जमिनीवर बसा, हात पुढे ठेवून गप्प राहा, जे स्वतःहून वास घ्यायला येतं ते घ्या. आईपासून आठ आठवड्यांच्या आत तोडू नका.

ओळखायचं तर शेपूट उचला, दोन भोकांमध्ये अंतर जास्त तर बोका, अगदी जवळ आणि खालची उभी चीर तर मांजरी. तीनरंगी असेल तर जवळपास नेहमी मांजरीच, केशरी असेल तर बहुतेक बोका.

बोका घेतलात तर एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. त्याची लघवीची नळी अरुंद असते, तो सारखा मुतायला बसतोय, ओरडतोय आणि थेंब येत नाहीये असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, त्याच वेळी दवाखाना गाठा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो, तेव्हा पाणी तीन-चार ठिकाणी मातीच्या भांड्यात ठेवा आणि कोरड्या दाण्यांमध्येही थोडं पाणी घाला.