शेतात कृत्रिम पाऊस पाडून अपधाव मोजताना चौकट कशी बसवावी

रेनफॉल सिम्युलेटरचे (कृत्रिम पाऊस पाडणाऱ्या यंत्राचे) पाइप जोडणं, टाकी भरणं, पंप सुरू करणं कुणालाही अर्ध्या तासात जमतं. अपधावाचे, म्हणजे न मुरता वाहून जाणाऱ्या पाण्याचे, आकडे फसतात ते जमिनीत ठोकलेल्या चौकटीपाशी, आणि तिच्याबद्दल "मातीत नीट बसवावी" एवढंच सांगून लोक मोकळे होतात. माझं बहुतेक काम सोलापूरकडच्या काळ्या मातीत झालं, त्यामुळे लिहितोय ते त्याच मातीबद्दल.

जागा एकसारख्या उताराची घ्या. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या आणि गुरांची वाट टाळा.

पाणी बोअरचं नको. पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, म्हणून थेंबांच्या माऱ्याने चिकण कण सुटे होतात आणि वर पापडी धरते. खाऱ्या पाण्यात कण एकमेकांना धरून राहतात, पापडी कमी धरते आणि पाणी जास्त मुरतं. "पाणी ते पाणीच" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. छपरावरून साठवलेलं पावसाचं पाणी सगळ्यांत उत्तम.

नोझल साधारण 3 मीटर उंचीवर बांधा, खाली सारखे डबे मांडून 10 मिनिटं पाऊस पाडा. ख्रिस्तियनसेन गुणांक (पाऊस सगळीकडे किती सारखा पडतो त्याचं माप) 80 टक्क्यांखाली आला तर दाब आणि उंची पुन्हा बघा. चारी बाजूंनी ताडपत्री लावा आणि वारा सुटायच्या आत, सकाळीच काम उरका.

आता चौकट. 1 मीटर × 1 मीटर, तीन बाजूंना पत्रा, उताराच्या खालच्या बाजूला वाहून आलेलं पाणी धरणारी पन्हळ. सुरुवातीच्या दिवसांत मी ती कोरड्या जमिनीत घणाने ठोकली. ताशी 60 मिलिमीटरचा पाऊस 25 मिनिटं पाडला तरी पन्हळीत थेंब नाही. जमीन फारच मुरवते म्हणून मी खूश होतो. मग खालच्या बाजूला गेलो, तर पन्हळीपासून वीतभर लांबची माती ओलीचिंब. पाणी पत्र्याखालून निघून जात होतं. आधीच्या नऊ चौकटींचे आकडेही मला टाकून द्यावे लागले.

तेव्हापासून असं करतो. आदल्या संध्याकाळी चौकटीच्या रेषेच्या बाहेरच्या अंगाने झारीने पाणी घालायचं. सकाळी तेवढ्या पट्ट्याला वापसा आला (माती ना चिखल, ना कोरडी) की पत्रा ढेकळं न फोडता आत जातो. घण थेट पत्र्यावर मारू नका, वर लाकडी फळी ठेवा आणि चारी कोपऱ्यांवर थोडं थोडं ठोकत जा. एकच बाजू आधी खाली नेली तर दुसरीकडची माती उचकटते.

खालची बाजू सगळ्यात अवघड. धारदार खुरप्याने माती उभी, सरळ कापा. पन्हळीची जीभ (मातीकडची सपाट पट्टी) त्या कापात दोनेक सेंटिमीटर सरकवा. तिची वरची कड मातीला समतल हवी, फार तर केसभर खाली. वर राहिली तर पाणी तुंबतं, जास्त खाली गेली तर कडेची माती ढासळून गाळाचा आकडा फुगतो. सांधा त्याच शेतातली माती चाळून, कणकेसारखी मळून भरा, तोही पाऊस पाडायच्या जरा आधी, नाहीतर वाळून तडा जातो. सिमेंट अजिबात नको, ते मातीला धरत नाही. मग ओलं फडकं सांध्यावर पिळा आणि जिभेखाली बोट फिरवा. बोट ओलं लागलं तर सगळं उखडून परत लावा.

चौकटीतल्या भेगा बुजवू नका, तो त्या जमिनीचा गुण आहे. पण पत्र्याखालून बाहेर जाणारी भेग बाहेरच्या अंगाने मळलेल्या मातीने बंद करा. पन्हळीवर झाकण हवंच. 10 सेंटिमीटर रुंदीची उघडी पन्हळ ताशी 60 मिलिमीटरच्या पावसात मिनिटाला 100 मिलिलिटर पाणी फुकट गोळा करते.

पाणी वाहायला लागल्याची वेळ टिपा, मग दर मिनिटाला मोजा. या चौकटीवर मिनिटाला 1 लिटर पाऊस पडतो. त्यातले 400 मिलिलिटर पन्हळीत आले तर अपधाव ताशी 24 मिलिमीटर. आकडा स्थिरावेपर्यंत पाऊस थांबवू नका.

संपलं की चौकट काढायच्या आधी जिभेच्या पुढे फावड्याने चर खणा. ओल जिभेखालून पुढे सरकलेली दिसली तर वहीतल्या त्या पानावर काट मारा आणि दुसऱ्या जागेवर नव्याने सुरुवात करा.