उमेदवाराकडून मुक्त सॉफ्टवेअरचं लेखी वचन कसं घ्यावं

"मुक्त सॉफ्टवेअरला तुमचा पाठिंबा आहे का?" असं प्रचाराच्या दिवसांत विचारलं तर जवळपास प्रत्येक उमेदवार हो म्हणतो. (मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे कुणालाही वापरता, अभ्यासता, बदलता आणि वाटता येणारं सॉफ्टवेअर.) त्या होकाराचा काडीचाही उपयोग नाही. मागणी अशी हवी, की दोन वर्षांनी निविदेचा कागद समोर ठेवून वचन पाळलं की मोडलं हे कुणालाही सांगता यावं.

सुरुवात पदापासून करा. तो उमेदवार निवडून आला तर त्याच्या हातात नेमकं काय येणार? स्थानिक संस्थेत कार्यालयातले संगणक, संकेतस्थळ आणि देखभालीचे करार येतात. कायदेमंडळात खरेदीचे नियम आणि शिक्षणाचं धोरण. स्थानिक उमेदवाराकडे पेटंट कायद्याबद्दल वचन मागितलं तर तो ते आनंदानं देतो, कारण ते त्याला कधीच पाळावं लागणार नाही.

मागण्या तीनच ठेवा. दहा कलमी पत्र कुणी वाचत नाही, आणि दहापैकी सोपी दोन उचलून उरलेल्यांवर गप्प बसायची सोय होते.

पहिली मागणी सर्वात महत्त्वाची: सार्वजनिक पैशातून लिहून घेतलेल्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड (प्रोग्रामरनं लिहिलेला मूळ मजकूर) मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध व्हावा. युरोपातल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन युरोप या संस्थेनं २०१७ पासून चालवलेल्या मोहिमेचा गाभा हाच आहे. स्वित्झर्लंडमध्ये १ जानेवारी २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यानं संघीय प्रशासनावर हे बंधन घातलं. त्रयस्थाचे हक्क आणि सुरक्षितता एवढेच अपवाद ठेवले. म्हणजे मागणी हवेतली नाही, आणि उमेदवारांना हे आवर्जून सांगावं. मात्र "मुक्त परवाना" एवढंच लिहून थांबू नका. कोणत्याही कामासाठी वापरणं, अभ्यासणं, बदलणं आणि मूळ किंवा बदललेली प्रत वाटणं, या चारही मुभा शब्दशः लिहा. नाहीतर नुसता बघायला दिलेला कोडही "खुला" म्हणून खपवला जातो. शिवाय ही अट करारावर सही होण्याआधी घालायची असते. करारात काही लिहिलेलं नसेल तर बऱ्याच देशांत कॉपीराइट कंत्राटदाराकडेच राहतो, मग नंतर कुणाची कितीही इच्छा असली तरी त्याच्या संमतीशिवाय कोड खुला करता येत नाही.

दुसरी मागणी फाइल फॉरमॅटची. नागरिकांना मिळणारे आणि त्यांच्याकडून घेतले जाणारे कागद खुल्या, म्हणजे एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरवर न अडणाऱ्या फॉरमॅटमध्ये असावेत. ओपनडॉक्युमेंट हा फॉरमॅट २००६ पासून आयएसओ २६३०० या क्रमांकाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याचं नाव घालूनच लिहा. तिसरी मागणी बाहेर पडण्याच्या वाटेची: कुठलाही नवा करार संपताना सगळा डेटा खुल्या फॉरमॅटमध्ये, वेगळे पैसे न आकारता परत मिळावा, आणि निविदेत गरज लिहावी, विशिष्ट कंपनीच्या उत्पादनाचं नाव नाही.

वचनाचा मजकूर तीन-चार वाक्यांत मावला पाहिजे. पहिल्या मागणीपुरतं उदाहरण:

"मी निवडून आल्यास माझ्या कार्यकाळात, माझ्या संस्थेच्या पैशातून बनणाऱ्या प्रत्येक नव्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड वापर, अभ्यास, बदल आणि वितरणाची मुभा देणाऱ्या परवान्याखाली प्रसिद्ध व्हावा यासाठी प्रस्ताव मांडेन आणि त्याच्या बाजूनं मतदान करेन. अपवाद करायचा झाल्यास त्याचं कारण लेखी व जाहीर असावं, असा आग्रह धरेन."

"प्रस्ताव मांडेन, मतदान करेन" ही क्रियापदं सोडू नका. "प्रोत्साहन देईन", "सकारात्मक विचार करेन" हे तोंडाला पानं पुसणं झालं. मसुद्यात अशी दुरुस्ती सुचवली गेली तर नम्रपणे नाकारा आणि ते उत्तर सहीविना, पण जसंच्या तसं छापू असं कळवा.

वेळापत्रक मतदानाच्या दिवसापासून उलटं मोजत आखा. पक्षाच्या जाहीरनाम्यात ओळ घालायची असेल तर मतदानाच्या निदान तीन महिने आधी जाहीरनामा समितीला गाठावं लागतं. छपाईला गेल्यावर दार बंद. उमेदवारांना मात्र अंतिम यादी लागल्यावरच लिहा. सगळ्यांना एकाच दिवशी, एकच मजकूर, एकच मुदत. एका पक्षाला दोन दिवस आधी पत्र गेलं तर निःपक्षपणाचा दावा तिथेच संपतो. पत्र एक पान, खाली वचन आणि सहीची जागा. आठवड्यानं प्रचार कार्यालयात फोन करून पत्र कुणाच्या टेबलावर आहे ते विचारा. पत्रं हरवतात, त्यामुळे दुसरी प्रत लगेच पाठवायची तयारी ठेवा. उमेदवार, पद, पाठवल्याची तारीख, कुणाशी बोलणं झालं, उत्तर, सही केलेल्या कागदाची प्रत असे रकाने करून तक्ता ठेवा. पक्ष कार्यालयाकडून आलेलं उत्तर पक्षाचं; ते उमेदवाराच्या नावावर मांडू नका.

आक्षेप ठरलेले असतात. "यानं काही कंपन्यांवर अन्याय होईल" हा त्यातला जुना. सरकारी कार्यालयांत मुक्त सॉफ्टवेअर वापरण्याच्या विधेयकावरून २००२ साली पेरूचे खासदार एदगार व्हियानुएव्हा यांनी मायक्रोसॉफ्टच्या तिथल्या प्रमुखांना दिलेलं उत्तर आजही पुरतं: असा कायदा कुणालाही विक्रीपासून रोखत नाही, सॉफ्टवेअर कोणत्या अटींवर द्यायचं तेवढंच ठरवतो. खरेदीदारानं अटी घालणं हा भेदभाव नाही. "कोड उघडा म्हणजे धोका" यावर सांगा, की नीट बांधलेल्या यंत्रणेत गुपित असतं ते पासवर्ड आणि चाव्यांमध्ये, आणि त्या प्रसिद्ध करायला कुणीच सांगत नाही.

एक मोह मात्र टाळा: "पैसे वाचतील" हे मुख्य कारण म्हणून विकू नका. प्रशिक्षण, जुन्या फाइलींचं रूपांतर, देखभाल यांना खर्च येतो, आणि पहिल्याच वर्षी आकडा फुगला की तुमचंच वाक्य तुमच्यावर उलटतं. स्वतःच्या यंत्रणेवर ताबा आणि दुसरा पुरवठादार नेमता येण्याची मोकळीक हे मुद्दे टिकतात. शिवाय घेतलेले निर्णय फिरवलेही जातात. जर्मनीतल्या म्युनिक शहरानं २००३ साली विंडोज सोडून लिनक्स या मुक्त प्रणालीकडे जायचं ठरवलं, जवळपास १५ हजार संगणक बदलले, आणि २०१७ मध्ये नगरपरिषदेनं पुन्हा विंडोजकडे वळायचं ठरवलं. २०२० मध्ये आलेल्या आघाडीनं परत खुल्या सॉफ्टवेअरला प्राधान्य जाहीर केलं. त्यामुळे एकाच नेत्याच्या सहीवर विसंबू नका. सत्तेत येऊ शकणाऱ्या आणि विरोधात बसू शकणाऱ्या दोन्ही बाजूंच्या सह्या हव्यात. फ्रान्समधल्या एप्रिल या संस्थेनंही २००७ च्या अध्यक्षीय निवडणुकीत सगळ्याच उमेदवारांना प्रश्नावली पाठवली होती.

उत्तरं छापताना काटछाट नको, गुण नकोत, "यांना मत द्या" तर नकोच. अनेक देशांत असं आवाहन प्रचार ठरतं, त्याचा खर्च हिशेबात धरला जातो आणि धर्मादाय संस्थेची नोंदणीही धोक्यात येऊ शकते. मतदानापूर्वीच्या शांतता काळाचे नियमही आधी वाचून घ्या. ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांच्यापुढे फक्त पत्र आणि फोनच्या तारखा द्या. टोमणा मारू नका. तारखा पुरेशा बोलक्या असतात.

निकालानंतर आठवड्याभरात निवडून आलेल्यांना त्यांच्याच सहीची प्रत पाठवा, आणि सोबत चालू करारांची मुदत कधी संपते याची यादी. ही यादी माहिती अधिकाराच्या अर्जातून किंवा प्रसिद्ध झालेल्या निविदांमधून मिळते. प्रत्येक कराराच्या नूतनीकरणाआधी सहा महिने त्या प्रतिनिधीला भेटा. निविदा प्रसिद्ध झाल्यावर अटी बदलणं सहसा शक्य नसतं, आणि मग पुढचा करार संपेपर्यंत हातात काही उरत नाही.